लेझर म्हणतो बरोबर, फोटो म्हणतो चूक!

यावेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांचं रडगाणं एकच आहे. न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) घेतली, हौसेने कॅमेरा लावला, आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटल्या. म्हणून या अंकातलं अख्खं सदर कॉलिमेशनलाच, म्हणजे आरसे एका रेषेत नीट लावण्यालाच, देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझ्याकडे ८ इंची एफ/४ न्यूटोनियन आहे. डोळ्याने बघताना गुरू, शनी एकदम मस्त दिसतात, कुठे काही गडबड वाटत नाही. पण कॅमेरा लावला की फोटोच्या डाव्या बाजूचे तारे लांबट येतात, उजवीकडचे ठीक. कोमा करेक्टरही (कडेच्या ताऱ्यांची शेपटी, म्हणजे कोमा, कमी करणारं भिंग) लावलाय. डोळ्याला जे चालतं ते कॅमेऱ्याला का चालत नाही?

उत्तर : कारण आपला डोळा लबाड आहे. जे बघायचंय ते आपण मधोमध आणतो आणि तेवढंच बघतो, कडेला काय चाललंय तिकडे लक्ष जात नाही आणि गेलंच तर आयपीस साधा आहे म्हणून सोडून देतो. सेन्सर असला भेदभाव करत नाही, तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं टिपतो, आणि वर तुम्ही ते १०० टक्के झूम करून बघत बसता.

आता जरा आकडे बघा. पॅराबोलिक आरशाच्या अक्षाभोवती कोमा जाणवणार नाही इतका कमी असलेला भाग किती मोठा असतो, तर त्याचा व्यास साधारण ०.०२२ गुणिले एफ-रेशोचा (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) घन, इतके मिलिमीटर. म्हणजे एफ/८ ला ११ मिमी, एफ/५ ला पावणेतीन, आणि तुमच्या एफ/४ ला जेमतेम १.४ मिमी. आरसा ६ इंची असो की १२ इंची, इथे फक्त एफ-रेशो बोलतो. एपीएस-सी सेन्सरचा कर्ण साधारण २८ मिमी असतो, तेव्हा १.४ मिमीच्या ठिपक्याने त्याचं काय भागणार? न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा त्याचा आरसा सव्वा इंचाच्या आसपास होता आणि बघणारा डोळाच होता, त्याला कोपऱ्यांची फिकीर करायची वेळच आली नाही.

कोमा करेक्टर हा स्वच्छ भाग मोठा करतो, पण तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की आरशाचा अक्ष करेक्टरच्या बरोबर मधून येतोय. अक्ष दोन-तीन मिमी बाजूला सरकला की करेक्टर मधोमध धरून सुधारणा करतो आणि कोमाचं केंद्र भलतीकडेच असतं, मग एक बाजू छान आणि दुसरी वाईट. तुमच्या फोटोत हेच असायची बरीच शक्यता आहे, नक्की मात्र म्हणत नाही, कारण सेन्सर तिरपा बसला असेल तरी डिट्टो असंच दिसतं. ते कसं ओळखायचं ते खाली एका प्रश्नात आलंय, तिथपर्यंत स्क्रूला हात लावू नका.

प्रश्न : सुरुवात कुठून करायची, सेकंडरीपासून (तोंडाजवळचा छोटा तिरपा आरसा) की प्रायमरीपासून (तळाचा मोठा आरसा)? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात. आणि तिरपा आरसा, फिरलेला आरसा, सरकलेला आरसा यात माझा पार गोंधळ होतो.

उत्तर : सेकंडरीपासून, त्यात दुमत नको. क्रम असा, आधी सेकंडरी फोकसरच्या (आयपीस किंवा कॅमेरा बसवायची नळी) बरोबर खाली आणायची, मग तिचा तिरपेपणा लावायचा, आणि शेवटी प्रायमरी. उलट केलंत तर सेकंडरी हलवली की प्रायमरीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

गोंधळ होतो कारण फोकसरमधून बघितलं की एकात एक अडकलेली पाच-सहा वर्तुळं दिसतात आणि कुठलं कुणाचं तेच कळत नाही. त्यावर साधा उपाय आहे कागदाचा. ट्यूब आडवी ठेवा. आडवीच, कारण उभ्या ट्यूबमध्ये हातातली अ‍ॅलन की सुटली तर ती थेट प्रायमरीवर जाऊन पडते. फोकसरच्या समोर, ट्यूबच्या आतल्या भिंतीला एक रंगीत कागद लावा, आणि सेकंडरी व प्रायमरीच्या मध्ये पांढरा कागद उभा करा म्हणजे प्रायमरीचं प्रतिबिंब झाकलं जाईल. आता साइट ट्यूबमधून (फोकसरमध्ये बसणारी, टोकाला फुली असलेली नळी) बघा, सगळी भानगड गायब, रंगीत पार्श्वभूमीवर फक्त सेकंडरीची कड दिसते. ती गोल दिसायला हवी आणि साइट ट्यूबच्या कडेशी एककेंद्री. प्रायमरीच्या बाजूला किंवा ट्यूबच्या तोंडाकडे सरकलेली दिसली तर मधल्या बोल्टने मागेपुढे करा. गोलाऐवजी अंडाकृती दिसली तर ती स्वतःभोवती फिरलेली असू शकते, तेव्हा होल्डर हाताने किंचित फिरवा. हा फिरलेपणा फार छळतो बरं का, कारण तीन स्क्रूंनी तो तात्पुरता झाकता येतो, लेझर बरोबर ठिकाणी येतो, आणि सेकंडरी मात्र वाकडीच राहते. मधला बोल्ट सैल करताना दुसरा हात सेकंडरीच्या खाली असू द्या, काही दुर्बिणींत तो पूर्ण सुटला की होल्डर हातातच येतो.

मग कागद काढा आणि तिरपेपणाकडे या. सेकंडरीचे तीन बारीक स्क्रू ढकलतात आणि मधला बोल्ट ओढतो, म्हणून एक घट्ट करायचा तर आधी दुसरा थोडा सैल करा, तिन्ही एकाच दिशेने पिळत सुटलात तर एक तर काहीच हलणार नाही किंवा होल्डरच्या पाठीत खड्डे पडतील. खड्डे पडले की स्क्रूचं टोक पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात घसरतं आणि बारीक ॲडजस्टमेंट होतच नाही, त्यावर मध्ये एक प्लॅस्टिकचा किंवा धातूचा गुळगुळीत वॉशर टाकतात आणि तो खरंच कामाचा आहे. प्रायमरीच्या मधला डोनट (गोल कड्यासारखी खूण) साइट ट्यूबच्या फुलीवर आला की तिरपेपणा झाला. पण तो लावताना गोलपणा थोडा बिघडतो, म्हणून एकदा परत कागद लावून बघा, मग परत तिरपेपणा, असं दोनदा-तीनदा.

प्रायमरी त्यामानाने सोपी. लॉक स्क्रू सैल करा, चेशायरमधून (बारीक भोकातून बघायची तपासणीची नळी) बघा, डोनट चेशायरच्या मधल्या काळ्या ठिपक्याभोवती नीट बसेपर्यंत मागचे तीन नॉब थोडे थोडे फिरवा. शेवटी लॉक स्क्रू आवळताना डोळा चेशायरलाच ठेवा, कारण आवळल्यावर सगळं पुन्हा सरकतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिन्ही लॉक आळीपाळीने, हलक्या हाताने. जोर लावून आवळाल तर आरशाचा सेलच वाकेल.

प्रश्न : लेझर कॉलिमेटर वापरतो. ठिपका प्रायमरीच्या डोनटमध्ये बरोब्बर, परत येणारा ठिपकाही बरोब्बर मधल्या भोकात. तरी फोटोत मधल्या ताऱ्यालाही बारीक शेपटी. लेझर खोटं बोलतोय का?

उत्तर : खोटं बोलतोय असं नाही, पण तो कुठे उभा राहून बोलतोय ते बघायला हवं. फोकसरमध्ये लेझर किती सरळ बसलाय यावर सगळा खेळ आहे. हिशोब करून बघा, लेझरची नळी फोकसरमध्ये साधारण ३० मिमी बसते आणि तिच्याभोवती एक दशांश मिमीची फट आहे असं धरा. तेवढ्या फटीत ती तिरपी झाली तर ८०० मिमीवरच्या प्रायमरीवर ठिपका अडीच मिमीहून जास्त सरकतो. आता तुम्ही स्क्रू आवळताय, लेझर एका बाजूला दाबला जातोय, आणि ती चूक तुम्ही सेकंडरी हलवून 'दुरुस्त' करताय! सव्वा इंची अ‍ॅडॉप्टरमधून लावत असाल तर फटी दोन झाल्या. शक्य असेल तर २ इंची लेझर घ्या किंवा स्वतःहून मधोमध धरणारा अ‍ॅडॉप्टर वापरा. काहीच नसेल तर निदान दर वेळी एकच स्क्रू, एकाच दिशेने, एकाच जोराने आवळा, आणि लेझरची कॉलर फोकसरच्या तोंडाला टेकलेली आहे ना ते बघा.

दुसरं म्हणजे लेझर स्वतःच वाकडा असू शकतो. फोकसरमध्येच गोल फिरवून तपासू नका, तिथे फटीची चूक आणि लेझरची चूक मिसळते. एका फळीवर चार खिळे ठोकून इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन खोबणी करा, त्यात लेझर ठेवून पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर जागच्या जागी फिरवा. ठिपका एकाच जागी राहिला तर लेझर सरळ, गोल काढायला लागला तर त्याचे बारीक स्क्रू लावावे लागतील. बऱ्याच लेझरमध्ये ते स्क्रू बाजूला रबरासारख्या ठिपक्यांखाली लपवलेले असतात. ठिपक्याकडे भिंतीवरच बघा, किरणात डोळा नको, आणि आरशातून परत येणाऱ्या किरणाचंही तेच.

तिसरी गोष्ट तुमच्या शेपटीशी सगळ्यात जास्त जुळते. परत येणारा ठिपका प्रायमरीचा तिरपेपणा दाखवतो हे खरं, पण लेझरची आणि सेकंडरीची चूक पोटात घेऊन दाखवतो. म्हणजे जाताना किरण डोनटच्या मध्यापासून किंचित जरी बाजूला पडला असेल, तर परतीचा ठिपका मधोमध आला म्हणून प्रायमरी बरोबर असं होत नाही. यावर बार्लो भिंगाची युक्ती आहे, नील्स ओलोफ कार्लिन यांनी ती २००३ साली मासिकातून लोकांपुढे आणली. लेझर बार्लोमध्ये घालून फोकसरमध्ये लावायचा, बार्लोच्या खालच्या तोंडाशी मधोमध भोक पाडलेली पांढऱ्या कागदाची चकती लावायची. बार्लोमुळे किरण पसरतो, प्रायमरीच्या मधला सगळा भाग उजळतो आणि डोनटची सावली परत येऊन त्या पांढऱ्या चकतीवर पडते. ट्यूबच्या तोंडातून सेकंडरीत तिरकं बघितलं की ती सावली दिसते. ती भोकाभोवती मधोमध आणली की प्रायमरी झाली. यात लेझर थोडा वाकडा असला किंवा थोडा तिरपा बसला तरी सावलीवर जवळजवळ परिणाम होत नाही, कारण आता तुम्ही किरणाचा मार्ग नाही, डोनटची सावली बघताय. माझं मत विचाराल तर लेझरचा खरा उपयोग हाच. सेकंडरी साइट ट्यूबने, प्रायमरी बार्लो लावलेल्या लेझरने किंवा चेशायरने, आणि परतीच्या ठिपक्यावर विसंबणं बंद.

प्रश्न : सगळं केल्यावर सेकंडरीची काळी आकृती प्रायमरीच्या प्रतिबिंबात मधोमध येत नाही, थोडी एका बाजूला राहते. परत उघडू का?

उत्तर : नका उघडू! ती प्रायमरीच्या दिशेला सरकलेली दिसत असेल तर तसंच हवं. वेगवान (छोट्या एफ-रेशोच्या) दुर्बिणीत प्रकाशाचा शंकू रुंद असतो आणि ४५ अंशांत ठेवलेली सेकंडरी त्याला प्रायमरीच्या बाजूला जास्त रुंदीला कापते, म्हणून तिचा भौमितिक मध्य थोडा प्रायमरीकडे आणि फोकसरपासून दूर ठेवावा लागतो. किती, तर सेकंडरीचा लहान व्यास भागिले एफ-रेशोची चौपट. ६३ मिमीच्या सेकंडरीला एफ/४ वर साधारण ४ मिमी, एफ/५ वर ३ च्या आसपास. वेगळं मोजायची गरज नाही, वर सांगितलेल्या कागदाच्या पद्धतीने सेकंडरीची कड गोल आणि मधोमध आणली की ट्यूबच्या लांबीतला ऑफसेट आपोआप येतो. ती काळी आकृती मधोमध आणायच्या नादात लोक चांगलं लावलेलं बिघडवतात.

प्रश्न : कोपरे खराब येतात हे कळतं, पण ते कॉलिमेशनमुळे की टिल्टमुळे (सेन्सर तिरपा बसल्यामुळे) की करेक्टरच्या अंतरामुळे हे कसं ओळखायचं? ग्रुपवर फोटो टाकला तर दहा जण दहा कारणं सांगतात.

उत्तर : दहाही बरोबर असू शकतात, हीच तर गंमत आहे. पण फोटो नीट वाचला तर निम्मी कारणं तिथल्या तिथे बाद होतात. त्यासाठी स्टॅक केलेला (अनेक फोटो एकत्र करून बनवलेला) फोटो उपयोगाचा नाही. आकाशात बऱ्यापैकी उंचावरचा, भरपूर तारे असलेला भाग घ्या, मधल्या ताऱ्यावर बाह्तिनोव्ह मास्कने (फोकस जुळवायची खाचांची जाळी) फोकस करा, मास्क काढा (हसू नका, राहतो), आणि काही सेकंदांचीच एक्स्पोजर घ्या म्हणजे ट्रॅकिंगचा दोष त्यात शिरणार नाही. मग मध्य, चार कोपरे आणि चार कडांचे मध्य असे नऊ तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे एका बटणावर होतं.

सगळे तारे, मधलेसुद्धा, एकाच दिशेला सारखेच लांब असतील तर आधी माउंट (दुर्बीण फिरवणारा पाया), वारा, गायडिंग यांच्याकडे बघा. मधला तारा गोल आणि चारही कोपरे सारख्याच प्रमाणात वाईट असतील तर करेक्टर ते सेन्सर हे अंतर चुकलंय. बऱ्याच करेक्टरना ५५ मिमी लागतं. कॅनन ईएफच्या बॉडीत ४४ मिमी असतात आणि टी-रिंगचे (कॅमेरा जोडायची रिंग) ११ मिळून ५५ होतात, निकॉन एफला ४६.५ आणि ८.५. मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवावं लागतं, २ मिमीच्या काचेला ०.७ मिमीच्या आसपास. हे लोक हमखास विसरतात. पातळ रिंगा घालून अर्धा-अर्धा मिमी बदलून बघा.

मधल्या ताऱ्यालाच शेपटी असेल तर मात्र प्रायमरी लागलेली नाही, तिथे वाद नको.

राहिला सगळ्यात भांडणाचा प्रकार, मध्य ठीक आणि एक बाजू किंवा एकच कोपरा वाईट. इथे टिल्ट आणि कॉलिमेशन दोन्ही संशयित. पहिली परीक्षा फोकसची. फोकस थोडा आत, थोडा बाहेर करत फोटो घ्या आणि फक्त वाईट कोपऱ्याकडे बघा. एखाद्या ठिकाणी तो कोपरा छान टोकदार झाला, आणि त्याच वेळी समोरचा बिघडला, तर तो टिल्ट आहे, म्हणजे सेन्सर फोकसच्या पातळीला तिरपा आहे. फोकस कितीही हलवला तरी शेपटी शेपटीच राहिली तर तो कोमा, अक्ष सरकलाय. दुसरी परीक्षा फिरवण्याची. कॅमेरा १८० अंश फिरवा, बाकी काही हलवू नका, परत फोटो. खराब कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे सेन्सर किंवा त्याला घट्ट जोडलेली रिंग. तो समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीकडे राहिला, म्हणजे फोकसर, करेक्टर, आरसे यांपैकी काहीतरी. कॅमेरा कुठल्या जोडापासून फिरवला तेवढं लक्षात ठेवा, करेक्टरसकट फिरवलात तर करेक्टरही संशयितांच्या पहिल्या गटात जातो.

टिल्टला हलकं घेऊ नका. साडेतेवीस मिमी रुंदीच्या सेन्सरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फक्त ०.१ मिमीचा तिरपेपणा असला, तर मध्याला फोकस असताना प्रत्येक कड ०.०५ मिमीने फोकसबाहेर जाते. एफ/४ वर त्याचा धूसर ठिपका होतो साडेबारा मायक्रॉनचा, म्हणजे ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तीन पिक्सेल. ०.१ मिमी म्हणजे साध्या कागदाची जाडी हो! दोन स्क्रूंनी धरलेल्या कॅमेऱ्यात एवढा फरक सहज येतो, म्हणून जिथे जमेल तिथे आटे असलेलेच जोड वापरा. आणि सॉफ्टवेअर जो टिल्टचा आकडा दाखवतं त्यावर एकदम विश्वास ठेवू नका, ते ताऱ्यांचा आकार मोजतं, कोमाने फुगलेला तारा आणि फोकसबाहेरचा तारा त्याला सारखेच दिसू शकतात. आधी कॉलिमेशन, मग टिल्ट.

प्रश्न : संध्याकाळी अगदी व्यवस्थित कॉलिमेट करते, पण रात्री दुर्बीण दुसरीकडे वळवली, विशेषतः मेरिडियन फ्लिपनंतर (माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला पालटतं त्यानंतर), की तारे बिघडतात. सकाळी तपासलं तर कॉलिमेशन परत बरोबर! हे काय गौडबंगाल?

उत्तर : गौडबंगाल वगैरे काही नाही, वजनाने काहीतरी वाकतंय. तुम्ही कॉलिमेट करता तेव्हा फोकसरमध्ये हलका लेझर असतो, आणि फोटो काढताना तिथे करेक्टर आणि कॅमेरा लोंबकळत असतो. पत्र्याची पातळ ट्यूब, त्यात फोकसरचं भोक, आणि त्या भोकाच्या कडेवर सगळा भार. फ्लिपनंतर तोच भार उलट्या बाजूने ओढतो.

कुठे वाकतंय ते शोधायला वरच्याच दोन गोष्टी पुरेत. नुसता लेझर लावा आणि ट्यूब आडवीपासून उभीपर्यंत सावकाश फिरवत प्रायमरीवरच्या ठिपक्याकडे लक्ष ठेवा. तो डोनटमधून सरकला तर फोकसर, ट्यूब किंवा सेकंडरी-स्पायडर (सेकंडरीला धरणाऱ्या पात्या) हलतंय. मग बार्लो लावून तेच करा, आता सावली सरकली तर बहुतेक प्रायमरी तिच्या सेलमध्ये घसरतेय किंवा मागच्या स्प्रिंगा मऊ आहेत. स्प्रिंगा मऊ निघाल्या तर कडक स्प्रिंगा टाकायच्या, हा स्वस्तातला आणि सगळ्यात समाधान देणारा बदल आहे. फोकसर हलत असेल तर ड्रॉट्यूबचा (फोकसरच्या सरकत्या नळीचा) ताण वाढवा, फोटोच्या वेळी लॉक लावा, आणि फोकसरच्या खाली ट्यूबच्या आतून धातूची पट्टी बसवता येत असेल तर बसवा. ट्यूबच्या रिंगा जवळ जवळ असतील तर त्या लांब करा आणि वरूनही एक डव्हटेल पट्टी लावून त्यांना एकमेकींना जखडा. स्पायडरच्या पात्या सैल तर नाहीत ना तेही बघा, बोटाने हलकेच छेडलं तर ताठ वाटल्या पाहिजेत.

एवढं करूनही थोडं हलणारच, तेव्हा कॉलिमेशन ट्यूब आडवी ठेवून नाही, तर ज्या उंचीवर फोटो काढणार त्याच्या जवळपास, ५०-६० अंशांवर शेवटचं करा. सेकंडरीचं काम मात्र आडव्यातच, अ‍ॅलन कीची भीती वर सांगितलीच आहे.

आणि एक, गार होत जाणाऱ्या ट्यूबमुळे फोकस सरकतो त्याला कॉलिमेशन समजू नका. ८०० मिमीची पोलादी ट्यूब १० अंशांनी गार झाली तर ०.१ मिमीच्या आसपास आखडते, आणि एफ/४ ला नेमक्या फोकसची पट्टी असते जेमतेम ०.०४ मिमी. तारे सगळीकडे सारखेच फुगले असतील तर आधी फोकस करा.

प्रश्न : स्टार टेस्ट कॅमेऱ्यातूनच केली तर चालेल का? फोकसबाहेरच्या ताऱ्याचा डोनट करायचा आणि मधलं काळं भोक मध्यावर आणायचं, एवढंच ना?

उत्तर : तेवढंच नाही. डोनट मोठा करून भोक मधोमध आणायची सवय श्मिट-कॅसेग्रेन (वेगळ्या रचनेची दुर्बीण) वाल्यांकडून आलीय, तिथे ती ठीक आहे. आपल्याकडे सेकंडरी फोकसरपासून दूर ऑफसेट असेल तर उत्तम लावलेल्या दुर्बिणीतही ते भोक किंचित बाजूला दिसू शकतं. ते जबरदस्तीने मधोमध आणाल तर कॉलिमेशन बिघडवाल. म्हणून तारा फोकसच्या अगदी जवळ ठेवा, थोडासाच बाहेर, आणि रिंगा एका बाजूला उजळ किंवा दाबलेल्या दिसतात का ते बघा. तारा बरोबर मध्यावर हवा. स्क्रू फिरवला की तो सरकणारच, मग माउंटने परत मध्यावर आणायचा आणि मगच निर्णय घ्यायचा. कुठला स्क्रू कुठल्या दिशेला ते पाठ करत बसू नका, अगदी थोडा फिरवा, तारा मध्यावर आणा, बघा, बिघडलं तर उलटा फिरवा. हवा उकळत असेल त्या रात्री स्टार टेस्टच्या भानगडीत पडू नका, चेशायरवर भागवा. ट्रॅकिंग नसेल तर ध्रुवतारा बरा, जागचा फारसा हलत नाही.

प्रश्न : माझे तारे चक्क त्रिकोणी येतात. आणि मोठ्या ताऱ्यांचे स्पाइक्स (ताऱ्यातून निघणाऱ्या किरणांसारख्या रेषा) दुहेरी दिसतात. दोन्हीला कॉलिमेशनच कारण का?

उत्तर : दोन्हीला बहुधा नाही. त्रिकोणी तारे म्हणजे प्रायमरीला धरणाऱ्या तीन क्लिपा तिला चिमटतायत. क्लिप आणि आरशामध्ये कागद सहज सरकेल एवढी फट ठेवा, आरसा सेलवर टेकलेला हवा, आवळलेला नको. थंड रात्री हे जास्त दिसतं, कारण सेल आरशापेक्षा जास्त आखडतो. तारा फोकसच्या एका बाजूला आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा लांबत असेल तर तो अस्टिग्मॅटिझम, तेव्हा सेकंडरी तिच्या होल्डरमध्ये जास्त घट्ट चिकटवलेली किंवा दाबलेली आहे का तेही बघा.

दुहेरी स्पाइक्स दिसले तर आधी फोकस तपासा. फोकस बरोबर असेल तर समोरासमोरच्या पात्या एका सरळ रेषेत नाहीत. ट्यूबच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी धरून समोरासमोरच्या दोन पात्यांवर ठेवा, वाकडेपणा लगेच दिसेल.

प्रश्न : प्रायमरीच्या मधल्या डोनट स्टिकरने फोटो खराब होतो का? आणि तो मुळात मध्यावर आहे हे कशावरून?

उत्तर : खराब होत नाही, तेवढा भाग सेकंडरीच्या सावलीतच असतो. मध्यावर आहे याची खात्री मात्र कुणी देत नाही, दोन-तीन मिमी सरकलेले स्टिकर सर्रास सापडतात आणि मग बाकी सगळी मेहनत त्या चुकीच्या खुणेवर उभी राहते. आरसा धुवायला बाहेर काढाल तेव्हा आरशाएवढा गोल कागद कापा, दोनदा घडी घालून मध्य काढा, तिथे भोक पाडा, आरशावर हलकेच ठेवून बघा. पृष्ठभागाला बोट लागू देऊ नका. स्टिकर चुकीचा असेल तर काढून नवा लावा, नेलपॉलिश रिमूव्हर वगैरे कशाचाही प्रयोग न करता.

प्रश्न : हे सगळं दर रात्री करायचं? आणि ऑटोकॉलिमेटर (फोकसरमध्ये बसवायचं, आत आरसा असलेलं तपासणीचं साधन) घ्यावा का?

उत्तर : सगळं नाही हो. सेकंडरी एकदा नीट लागली की ती बरेच महिने तशीच राहते, फक्त दुर्बीण प्रवासाला गेली किंवा कुणी काही सोडलं तरच बघायची. दर रात्री प्रायमरी तेवढी तपासा, चेशायर किंवा बार्लोने दोन मिनिटांचं काम. आरसा गार झाल्यावर तपासा, काढल्या काढल्या नाही.

ऑटोकॉलिमेटर फार बारीक चूक दाखवतो, पण तो आधी सगळं बऱ्यापैकी लागलेलं असेल तरच वाचता येतो, आणि फोकसरमध्ये सैल बसला तर तोही फसवतो. एफ/५ किंवा त्याहून हळू असेल तर गरज नाही. एफ/४ किंवा त्याहून वेगवान असेल, फोकसर घट्ट असेल, टिल्ट निघालेला असेल आणि तरी एक बाजू ऐकत नसेल, तर घ्या. त्याआधी तेच पैसे चांगल्या फोकसरवर घातलेत तर फोटोत फरक जास्त दिसेल.